दादा, हायड्रोजनच्या गाडीसाठी थांबू नकोस

परवा दादाचा फोन आला, गाडी बदलायचीय, इलेक्ट्रिक घेऊ की हायड्रोजनवाली येईपर्यंत थांबू? सोबत गडकरींचा तो मार्च २०२२ चा व्हिडिओ, टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले होते तो. त्याच्या ग्रुपवर यावरून रोज जुंपते म्हणे. एक गट म्हणतो बॅटरीच्या लिथियमसाठी चीनच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा पाण्यापासून आपलं इंधन आपण बनवू, दुसरा म्हणतो ही सगळी शोबाजी आहे. मी कॅलिफोर्नियात राहते आणि २०२१ पासून तीन वर्षं हायड्रोजनची गाडी लीजवर चालवलीय, त्यामुळे मला दोन्ही गटांशी बोलायचंय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. गाडी आवाज न करता पळते, टाकी पाच मिनिटांत भरते, एका टाकीत पाचशे-सहाशे किलोमीटर आरामात होतात. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये वाकून मागच्या नळीखाली हात धरला होता, तळहातावर पाण्याचे चार थेंब पडले, ना धूर ना वास. तो क्षण मी विसरणार नाही, आणि अशी गाडी रस्त्यावर यावी असं वाटणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही.

पण गाडी म्हणजे निम्मीच गोष्ट, उरलेली निम्मी पंपावर असते. गॅस ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे सातशेपट दाबाने भरायचा म्हणून आधी उणे ४० डिग्रीच्या आसपास थंड करतात, त्यामुळे हवा दमट असली की नोझलवर बर्फ धरतो आणि ते गाडीला चिकटून बसतं, ओढायचं नाही, आपोआप सुटेपर्यंत मागची रांग बघत उभं राहायचं. लागोपाठ चार गाड्या भरल्या की दाब उतरतो, मग पाचव्याने थांबायचं. घरातून निघण्याआधी फोनवर बघायचं कुठला पंप चालू आहे, आणि कितीदा तरी असं झालं की मी पोचेपर्यंत तो बंद पडलेला, मुलीला शाळेतून आणायची वेळ झालेली आणि काटा तळाला. गाडीसोबत १५,००० डॉलरचं फ्युएल कार्ड, म्हणजे इंधनासाठी आधीच पैसे भरलेलं कार्ड, मिळालं होतं म्हणून भाव जाणवला नाही. कार्ड संपलं तोवर किलोचा भाव पंधरा-सोळा डॉलरवरून ३६ च्या घरात गेला होता, म्हणजे पूर्ण टाकीला दोनशे डॉलर.

आणि हे काय नवीन तंत्रज्ञान म्हणून झालं का, तर नाही. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी २००३ मध्येच १.२ अब्ज डॉलर जाहीर केले होते, आज जन्मलेलं मूल पहिली गाडी चालवेल ती हायड्रोजनची असू शकेल असं म्हणाले होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी २०१० पर्यंत हायड्रोजन हायवेची, म्हणजे महामार्गांवर हायड्रोजन पंपांच्या जाळ्याची, घोषणा केली. २००९ मध्ये अमेरिकेचे ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी पैसा कमी करायचा म्हटलं तर तिथल्या संसदेने तो परत घातला. कॅलिफोर्नियाच्या २०१३ च्या कायद्याने १०० पंप होईपर्यंत वर्षाला २ कोटी डॉलरपर्यंत द्यायचं ठरलं. एवढं करून पंप जेमतेम पन्नास-साठ, आणि २०२४ च्या सुरुवातीला शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातले आपले गाड्यांचे हायड्रोजन पंप बंदच केले. घोषणा देणारे आले नि गेले, पंपावर ताटकळणारे आम्ही राहिलो.

मूळ अडचण हिशोबाची आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढायला पन्नासच्या वर युनिट वीज लागते आणि त्यात गाडी शंभरेक किलोमीटर जाते, तीच वीज बॅटरीत भरली तर तीनशे. आपल्याकडे भारतात अजून बरीचशी कोळशाची वीज आहे, तिथे ही तिप्पट उधळण कशी परवडेल? आणि लिथियमचं कारण देणाऱ्यांना एक विचारायचंय, गाडीत हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम लागतं, ते प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेत निघतं, मग परावलंबन संपलं कुठे?

म्हणून हायड्रोजन नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, शोबाजी म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. भारत सरकारने २०२३ च्या ग्रीन हायड्रोजन मिशनला, म्हणजे सौर-पवन विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या योजनेला, १९,७४४ कोटी दिलेत, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे, आणि ते योग्यच आहे. खत कारखाने आणि रिफायनऱ्या आजही नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन वापरतात, आधी तो हिरवा करा, मग पोलादाचे कारखाने. तिथे बॅटरी कामाची नाही, आणि गल्लोगल्ली पंपही लागत नाहीत. लांब पल्ल्याचे ट्रक जमतात का ते जरूर बघा. माझ्या दादाच्या गाडीचा नंबर या सगळ्यांनंतर, आणि कदाचित कधीच नाही. त्याला तेच सांगितलं, थांबू नकोस.

२०२५ मध्ये सरकारने ३७ बस-ट्रक आणि ९ पंपांचे प्रयोग मंजूर केलेत. इथे कॅलिफोर्नियात निदान एक गोष्ट बरी होती, कुठला पंप चालू नि कुठला बंद हे कोणालाही फोनवर दिसायचं. तसंच त्या नऊ पंपांचं रोज दिसू दे, चालू की बंद, किलोचा भाव किती, आणि गॅस कशापासून बनवलाय.