गाडीतून दिसतंय की

आत्ता घरी आले. चहाही न घेता लिहायला बसलेय, कारण हे आता लिहिलं नाही तर रात्री झोप लागणार नाही.

पाऊस उघडलाय, कोवळं ऊन पडलंय, म्हणून सकाळी आईला घेऊन बाहेर पडले. घरापासून पाऊण तासावर एक वन उद्यान आहे. नाव लिहीत नाही. असं उद्यान एकच नाही, आणि तिथल्या एका माणसाच्या नावाने बोटं मोडून माझ्या हाती काही लागणार नाही. तळं आहे, तळ्याभोवती वाट आहे, झाडांना नावांच्या पाट्या आहेत. एका मैत्रिणीने गेल्या आठवड्यात फोटो टाकले होते, त्यात वाट सपाट दिसली. आईला फोटो दाखवला तर ती आदल्या रात्रीपासून तयारीला लागली. दशम्या करायला सांगितल्या, लसणाची चटणी स्वतः कुटली.

तिकीट खिडकीवर ठळक अक्षरात पाटी आहे, 'दिव्यांगांना प्रवेश मोफत'. पाटीच्या शेजारीच आत जायची लोखंडी फिरकी. एका वेळी एक माणूस दांडा ढकलून आत जातो ती. मी वितीने मोजली. दोन विती आणि चार बोटं. आईची व्हीलचेअर या चाकापासून त्या चाकापर्यंत पंचवीस इंच आहे. बाजूला गाड्यांसाठी मोठं फाटक आहे, त्याला कुलूप. किल्ली साहेबांकडे. साहेब रविवारी नसतात. आणि लोक येतात ते रविवारीच.

वॉचमन म्हातारे होते, बोलायला चांगले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, फिरकीकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "ताई, मावशींना गाडीतच बसू द्या. इथून पण सगळं दिसतंय की."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझी आई पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. पन्नास वर्षं रानात गेली तिची. पाऊस सुरू झाला की टाकळा, कुर्डू, भारंगी, काय काय ओच्यात भरून आणायची. लोक ज्या पिवळ्या फुलाला मिकी माऊस म्हणतात आणि फोटोसाठी लोटांगण घालतात, तो कवळा. आई त्याच्या पाल्याची भाजी करायची. सहा वर्षांपूर्वी मोटारसायकलवर मागे बसली होती, गतिरोधकावर गाडी उडाली आणि ती पाठीवर पडली. मणक्याला मार बसला. कमरेखाली काही कळत नाही तिला. हात, डोळे, नाक, जीभ सगळं जागच्या जागी आहे. आणि या बाईला सांगायचं की गाडीच्या काचेतून बघ. काचेतून वास येतो का? टाकळ्याचं पान चुरगाळता येतं का?

मी हे बोलले. जरा जोरातच बोलले. मग वॉचमनकाका म्हणाले, "मग चार पोरं बोलावतो, खुर्चीसकट उचलून घेऊ आत." आणि आईने लगेच माझा हात धरला. "नको. चल घरी."

ती का नको म्हणाली ते मला माहीत आहे आणि तेच सांगायला ही पोस्ट लिहितेय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अपघातानंतर पहिल्यांदाच आम्ही तिला धबधबा दाखवायला नेलं होतं. वाहनतळापासून रेलिंगपर्यंत खडी टाकलेली वाट, आणि शेवटी अकरा पायऱ्या. खडीवर व्हीलचेअर पुढे जात नाही. पुढची दोन चाकं लहान असतात, ती खडीत रुततात आणि माणूस तोंडावर पडायला होतो. मग खुर्ची उलटी फिरवायची आणि मोठ्या चाकांवर मागे मागे ओढत न्यायची. ज्यांनी ओढलीय त्यांना हे माहीत आहे. मी घामाघूम होऊन ओढत होते आणि अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की आईचं तोंड वाहनतळाकडे आहे. धबधब्याचा आवाज तिच्या पाठीमागून येतोय आणि तिला दिसताहेत गाड्या, मक्याची कणसं भाजणाऱ्या बाया आणि आमच्याकडे बघणारे लोक.

पायऱ्यांपाशी चार पोरं आपणहून पुढे आली. कॉलेजची, गुणी पोरं. 'आजी, घाबरू नका' म्हणत खुर्ची उचलली, वर नेली, फोटो काढला, परत खाली आणली. मी त्यांना किती वेळा थँक्यू म्हटलं असेल. फेसबुकवर पोस्टही टाकली होती मी, 'माणुसकी जिवंत आहे' म्हणून. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती लाइक केली होती.

रात्री तिला कूस बदलून देत होते तेव्हा अंधारातच बोलली. "पोरं चांगली हुती गं. पण वर उचललं तवा वारं आलं. पदर धरू का खुर्ची धरू, कळंना बघ."

मी ती पोस्ट त्याच रात्री काढून टाकली.

अडुसष्ट वर्षांची बाई. आयुष्यभर परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. तिला चार परके पुरुष हवेत उचलतात, आणि तिला दोन हातांत तीन कामं करायची असतात: तोल सांभाळायचा, पदर सांभाळायचा आणि वर सगळ्यांकडे बघून हसायचं, कारण मदत करणाऱ्यांना वाईट वाटू नये. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिची सख्खी मुलगी असून नव्हतं आलं. म्हणून आता कुणी 'उचलून नेऊ की, त्यात काय' म्हटलं की माझं डोकं फिरतं. उचलून न्यायची पाळी येऊ नये एवढंच मागतेय मी.

आता तुमच्यातले ट्रेकवाले म्हणतील की डोंगर डोंगरासारखाच राहू दे, जंगलात सिमेंट ओतू नका. अरे, मलाही नकोय सिमेंट! माथेरानच्या पेव्हर ब्लॉकवरून किती वर्षं वाद चाललाय, घोडे घसरतात, लाल मातीची वाट गेली, हे सगळं मला पटतं. कासचं पठार म्हणजे जांभ्यावरचा मातीचा जेमतेम थर, तिथे फुलांवर पाय पडू नये तसं चाकही पडू नये, हेही कबूल. रायगडाला रोपवे आहे, वर गेल्यावरही पुढे पायऱ्या आहेतच, आणि महाराजांच्या गडाच्या पायऱ्या फोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण आजच्या त्या उद्यानात वाट सपाटच होती हो. वाट केलेली होती, मुरूम टाकून दाबलेली, चार माणसं शेजारी शेजारी चालतील इतकी रुंद. बाकडी होती. तळ्याकाठी लाकडी कठडा होता. सगळा खर्च होऊन गेलेला होता. अडलं कुठे तर फिरकीपाशी. एका कुलपापाशी. एवढंच असतं बहुतेक ठिकाणी. कुठे फाटक अरुंद, कुठे वाटेत एकच पायरी, कुठे गुरं येऊ नयेत म्हणून टाकलेले पाईप, ज्यांच्या फटीत पुढचं चाक अडकतं. आणि शौचालय. त्याबद्दल बायकांना वेगळं सांगायला नको. मागे एका ठिकाणी 'दिव्यांग शौचालय' लिहिलेलं बघून बरं वाटलं, तर त्यात बादल्या आणि झाडू भरलेले. त्या दिवशी आईने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. बाहेर जायचं ठरलं की ती आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी करते. हे तिने मला कधी सांगितलं नाही, तांब्यातलं पाणी तसंच राहिलेलं मी बघते.

माझा मावसभाऊ मँचेस्टरला असतो. आई पडल्यावर त्याने मला तिकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या वाटांची माहिती पाठवली होती. तिकडे शेतांना दगडी भिंती असतात आणि माणसांनी भिंतीवरून चढून पलीकडे उतरावं म्हणून पायऱ्या केलेल्या असतात, त्यांना 'स्टाइल' म्हणतात. मेंढरं अडतात, माणूस जातो. खुर्ची मात्र मेंढरांबरोबर अडते. तर त्यांनी अशा अडथळ्यांशिवायच्या वाटा शोधल्या, काही ठिकाणी पायऱ्यांच्या जागी फाटकं बसवली आणि त्या वाटांची यादी केली, 'माइल्स विदाउट स्टाइल्स' नावाने. प्रत्येक वाटेपुढे लिहिलेलं असतं की ही सगळ्यांसाठी आहे, ही बऱ्याच जणांसाठी, ही काहींसाठी. मला सगळ्यात आवडलं ते हे, खरं काय ते आधीच सांगून टाकणं. चढ किती, वाट कशाची, फाटक कसलं, घरूनच कळतं. नेलेली दशमी न खाता परत आणायची पाळी येत नाही.

'तो इंग्लंड आहे, आपल्याकडे पैसा कुठे' हे मला सांगू नका. पैसा कमी आहे, मान्य. पण नवी फिरकी बसवायला पैसा लागलाच ना? तो होता! पाटी रंगवायला होता! तिकिटाचे वीस रुपये माफ करून कुणावर उपकार केलेत? शंभर रुपये घ्या आईचे, दोनशे घ्या, पण दार उघडा.

आणि हा काही आमच्या घरापुरता प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले होते. गुडघे धरून चालणारी तुमची-माझी म्हातारी माणसं वेगळीच. बाबागाडीत लेकरू असलेली आई वेगळी. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या 29 व्या कलमात करमणुकीचा, घराबाहेरच्या शिबिरांचा, साहसी उपक्रमांचासुद्धा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज जाता-वापरता यावं यासाठीचे नियम नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार हवा, हे तर कुठल्याही गवंड्याला समजावून सांगता येतं. पण रानात फिरणं ही खुर्चीवरच्या माणसाची गरज आहे, हेच कुणाच्या मनात येत नाही. दवाखान्याला रॅम्प हवा, बँकेला हवा, मतदान केंद्राला हवा. तिथे आम्ही गेलेलं चालतं. तळ्याकाठी बसायला आम्ही कशाला जायचं, असं लोकांना वाटत असावं. आईला दवाखान्याचा रॅम्प तोंडपाठ आहे. सहा वर्षांत ती सगळ्यात जास्त कुठे 'फिरायला' गेली असेल तर तिथे.

लिहिता लिहिता रडू आलं. थांबले होते जरा.

वॉचमनकाकांवर माझा राग नाही, खरंच नाही. आम्ही निघालो तेव्हा ते गाडीपर्यंत आले होते. साहेबांचा नंबर दिला, म्हणाले, "ताई, तुम्ही फोन करा. आम्ही सांगून कोण ऐकतंय." उद्या फोन करणार आहे. लेखी अर्जही देणार आहे. मोठ्या फाटकाची किल्ली रविवारी गेटवर ठेवा, इतकीच विनंती. त्याला बजेट लागत नाही.

परत येताना आई काही बोलत नव्हती. मग एका वळणावर म्हणाली, "थांब हितं." रस्त्याला लागून भाताचं खाचर होतं आणि कडेने पाणंद जात होती, ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून घट्ट झालेली. तोंडाला काटेरी झापा लावलेला. शेतात एक बाई होती. मी विचारायच्या आधीच तिने खुर्ची बघितली, येऊन झापा उचलून बाजूला ठेवला, आणि 'या मावशी' म्हणून परत आपल्या कामाला लागली. उचलायचं का विचारलं नाही, काय झालं विचारलं नाही.

शंभर-सव्वाशे फूट गेलो असू. सरळ गेलो, आईचं तोंड पुढे. मातीवर चाकाचा आवाज येत नाही. भात पोटऱ्यातून बाहेर आलंय, लोंब्या अजून हिरव्या आहेत. आईने बसल्या बसल्या हात लांब करून एक लोंबी धरली, एक दाणा नखाने फोडला आणि मला दाखवला. आत दूध होतं. "पंध्रा दीस पाऊस नगं आता," म्हणाली. बांधावर कुर्डू माजला होता, त्याचे तुरे तिच्या कोपराला लागत होते. दोन्ही हात मोकळे होते तिचे. पदर नीट होता. आम्ही तिथेच दशम्या खाल्ल्या आणि त्या बाईलाही दिल्या.

आता घरी आल्यावर खुर्चीची चाकं धुवायला घेतली तर म्हणाली, राहू दे चिखल, वाळला की झाडते मी.

तर मला तुमच्याकडून एक हवंय. हळहळीचे आणि हात जोडलेले इमोजी नकोत. तुम्ही सगळे फिरणारे लोक आहात. सातारा, कोल्हापूर, पुणे, कोकण, कुठलंही चालेल. तुमच्या माहितीत रानातली, तळ्याकाठची, शेतातली अशी सपाट वाट असेल तर खाली लिहा. पण फोटो बघून लिहू नका, जाऊन बघा. फाटक टेपने मोजा, बत्तीस इंच तरी हवं. वाटेत पायरी आहे का, खडी आहे की माती, किती अंतर, गाडी कुठपर्यंत जाते, आणि शौचालयाचं दार उघडून आत बघा. नसेल तर नाही असं लिहा, त्याचाही उपयोग आहे. मी वहीत उतरवून घेतेय. आई शेजारी बसलीय, तिला एकेक वाचून दाखवते.