विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइड झाला असं नव्हे

पावसाळा लागला की दोन दिवसांच्या तापाला विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ताची टेस्ट, करतात, ‘विडाल १:८० पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट येतो आणि त्याच संध्याकाळी सलाईनमधून सेफ्ट्रायाझोन हे अँटिबायोटिक सुरू होतं. एका विडालवर टायफॉइड ठरवणं आता बंद व्हायला हवं. टेस्ट १८९६ सालची आहे. तेव्हा ठीक होती.

ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या पुरेशा बनायला आठवडाभर लागतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हलाही फारसा अर्थ नाही. आणि आपल्याकडे साल्मोनेलाशी (टायफॉइडचा जिवाणू याच गटातला) गाठ आधीच पडलेली असल्याने धडधाकट माणसातही १:८० दिसू शकतं. मलेरियातही विडाल खोटी पॉझिटिव्ह येते.

स्लाइडवर सीरमचे (रक्त गोठल्यावर उरलेल्या पातळ भागाचे) ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवतात, प्रत्येकात अँटिजेनचा (मारलेल्या जिवाणूंच्या द्रावाचा) थेंब मिसळतात, स्लाइड हलवून एका मिनिटाच्या आत गुठळ्या बघतात. २० च्या थेंबापर्यंत गुठळ्या दिसल्या की १:८०, म्हणजे सीरम ८० पट पातळ केलं तरी गुठळ्या होतील इतक्या अँटिबॉडी. मिनिट उलटलं की थेंब कडेने सुकू लागतो आणि नुसत्या सुकण्यानेही दाणे दिसतात. समोर चाळीस सॅम्पल असताना घड्याळ कोण बघतं?

खरी टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघणं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात जेमतेम एखादा जिवाणू असतो, बऱ्याचदा तोही नसतो. म्हणून मोठ्या माणसाचं ८ ते १० मिली रक्त बाटलीत जायला हवं. दोन मिली पाठवून ‘कल्चर निगेटिव्ह’ म्हणण्यात काय हशील? बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, लॅबला पोचेपर्यंत बाहेरच. सगळं नीट करूनही साधारण निम्म्या-साठ टक्के रुग्णांतच जिवाणू हाती लागतो, हेही मान्य. पण लागला तर कुठलं औषध चालेल ते कळतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे बहुतेकदा निकामी झालंय. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रायाझोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. तिथे ॲझिथ्रोमायसिन आणि कार्बापेनेम एवढीच औषधं हाताशी राहिली.

दुसरा घोळ औषधाच्या तिसऱ्या दिवशी होतो, ताप उतरला नाही म्हणून औषध बदलतात. औषध अचूक असलं तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. रोजचा उच्चांक जरा जरा खाली येत असेल तर औषध बदलू नका. आठवडा झाला आणि ताप तसाच आहे, तर मात्र मुळात टायफॉइडच आहे का ते पुन्हा तपासा. आजाराच्या तिसऱ्या आठवड्यात अचानक जोराची पोटदुखी, पोट फळीसारखं कडक, किंवा काळं शौच झालं तर घरी थांबू नका. आतड्याला भोक पडलेलं किंवा रक्तस्राव असू शकतो. सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा.

मुलांसाठी टायफॉइडची कॉन्जुगेट लस आहे, सहा महिन्यांपासून देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मोहीम काढून दिली होती.

आणि बरं झाल्यावर ‘टायफॉइड गेला का’ बघायला पुन्हा विडाल कशाला? अँटिबॉडी महिनोन्महिने रक्तात राहतात. रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह येणार आणि बरा झालेला माणूस पुन्हा गोळ्या खात बसणार.