पहाटेचं पेट्रोल, फुगवलेलं पेट्रोल आणि आमचे बाबा

काल पहाटे साडेपाचला बाबा माकडटोपी घालून स्कूटर काढत होते. कुठे चाललात विचारलं तर म्हणे पेट्रोल भरायला. आत्ता? "या वेळेला घनता जास्त असते," असं म्हणून मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा फिरत आलेला तोच फॉरवर्ड. पहाटे भरा म्हणजे घट्ट पेट्रोल मिळतं, नोझल पूर्ण दाबू देऊ नका कारण प्रेशरने पेट्रोल 'फुगतं' आणि लिटरमागे १०० मिली जातं, आणि पंपाच्या बोर्डावरची डेन्सिटी (म्हणजे घनता, घनमीटरला किलोमधे) ७२० ते ७७५ मधे असली की माल शुद्ध. मी अडीच वर्षं लॅबमधे बेन्झिन, टोल्यूइन, झायलीनची दाबाखालची घनता मोजतोय (बीएस-६ पेट्रोलमधे अशी अ‍ॅरोमॅटिक द्रव्यं ३५ टक्क्यांपर्यंत चालतात, म्हणजे विषय अगदीच परका नाही) आणि माझ्याच घरात घनतेबद्दल शब्द चालतो कोणाचा, तर त्या फॉरवर्डचा.

पहाटेचं अर्धं खरंय, मान्य. एक अंश तापमान उतरलं की पेट्रोलची घनता साधारण ०.१ टक्का वाढते, टोल्यूइनचंही तसंच. पण पेट्रोल असतं जमिनीखालच्या टाकीत, आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. बरं, दोन अंशांचा फरक धरू. ५ लिटरच्या स्कूटरमधे १० मिली, म्हणजे रुपयाभराचं पेट्रोल. त्यासाठी थंडीत छाती गारठवून घ्यायची आणि वर आल्याचा चहा मलाच करायला लावायचा.

आता ते 'फुगणं'. हे वाचून मी खरंच मोबाईल खाली ठेवला. अहो, दाब दिला की द्रव आकसतो हो, फुगतो कसा? आमचं काम दिसायला अगदी साधं आहे, U आकाराची बारीक धातूची नळी द्रवाने भरायची, तिला थरथरत ठेवायची, द्रव जड असेल तर नळी संथ थरथरते, त्या वेळेवरून घनता काढायची, आणि एका बाजूने हाताने स्क्रू फिरवत दाब वाढवत जायचं. एक बुडबुडा राहिला तरी अख्खा दिवस पाण्यात. २५ अंशांना साध्या हवेच्या दाबाला टोल्यूइन घनमीटरला ८६२ किलो भरतं. दाब १०० मेगापास्कल केला, म्हणजे जवळजवळ हजार पट, समुद्रात १० किलोमीटर खाली असतो तेवढा, की ते होतं साधारण ९२०. एवढं जोर लावून पिळल्यावर वाढ सहा-सात टक्के, आणि तीही सुरुवातीला भराभर, नंतर द्रव हट्टाला पेटल्यासारखा दमादमाने. हा वाक नेमका पकडणारं टेटचं समीकरण वापरून सिबुल्का आणि ताकागी या दोघांनी १९९९ साली अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बनची तोवर छापलेली मोजमापं गोळा करून, पारखून एका पेपरात मांडली. आमच्याकडे त्याची प्रिंट तेलाच्या डागांनी भरलीय. दाब वाढला आणि घनता उतरली असा एक द्रव त्यात दाखवा, पुढचं वर्षभर मी पहाटे पेट्रोल भरेन.

उलट मी स्वतः बेन्झिनला २५ अंशांना दाबत गेलो होतो, ७० मेगापास्कलच्या पुढे रीडिंग वेडंवाकडं नाचायला लागलं, मला वाटलं मशीन गेलं. सरांनी फक्त विचारलं, "गोठवलंस ना?" साध्या दाबाला साडेपाच अंशांना गोठणारं बेन्झिन तेवढ्या दाबाखाली खोलीच्या तापमानालाच गोठतं, मला ते माहीत असायला हवं होतं.

आणि पंपाचा दाब किती? कारच्या टायरमधे असतो साधारण तेवढा. त्याने लिटरमागे पाव मिलीसुद्धा आकसत नाही, आणि जे आकसतं ते मीटरमधून बाहेर पडल्यावर फुगून तुमच्याच टाकीत येतं. फायदा तुमचा!

ग्रुपवर एक काका उलटे म्हणाले, "द्रव दाबलाच जात नाही, शाळेत शिकलोय." काका, पाणी दाबलं जातं हे जॉन कँटनने १७६२ सालीच दाखवलंय. डिझेल गाडीच्या इंजेक्शनमधे २००० बारच्या (हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोन हजार पट) आसपास दाब असतो, तिथे हे धरलं नाही तर हिशोबच चुकतो. पंपावर मात्र विसरा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणा आहे. ७२० ते ७७५ ही १५ अंशांची मर्यादा, खरी आहे. पण निम्मं टोल्यूइन आणि निम्मं हेक्झेन एकत्र करा, १५ अंशांना साधारण ७६८ येतं. पास! एक जड, एक हलकं, बेरीज शुद्ध. पंपावरच्या त्या दिवशीच्या नोंदीपेक्षा घनता ३ पेक्षा जास्त हलली तर शंका घ्या, हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) मागा, तो तुमचा हक्क आहे. पण आकडा बसला म्हणून माल चोख असं नाही. आणि माप कमी वाटत असेल तर घनता सोडा, पंपावर शिक्क्याचं ५ लिटरचं माप असतं ते भरून दाखवायला सांगा, २५ मिलीपेक्षा जास्त तूट चालत नाही.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, टोपी काढली आणि म्हणाले, "टाकी ५ लिटरची, त्यात दीड लिटर अजून आहे. ते माप मी ओतू कशात?"