वगळण्याचे निकष

वंचित समाजातल्या गरोदर बायांवर संशोधन करायचं तुम्ही मनावर घेतलंत, फार बरं केलंत. एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध असो, पीएच.डी. असो की ३१ मार्चच्या आत संपवायचा एखादा निधी असो, 'मिडवाइफरी' (गरोदरपण-बाळंतपणातली प्रशिक्षित सेवा) आणि 'आरोग्य विषमता' हे दोन शब्द शीर्षकात शेजारी बसले की समितीच्या माना आपोआप डोलतात. त्यातून तुम्ही नाशिकचे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरचे पाडे शंभरएक किलोमीटरच्या आत. विषमता इतकी हाताशी फार थोड्यांना मिळते. अडचण एकच, त्या बायांना न भेटता हे सगळं पार कसं पाडायचं? घाबरू नका, पद्धत ठरलेली आहे.

शीर्षकापासून सुरुवात करू. 'निवडक रुग्णालयातील गर्भवती मातांच्या प्रसूतीपूर्व काळजीविषयक ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.' या साच्याने आजवर कुणाला दगा दिलेला नाही. तीस प्रश्नांची पूर्वचाचणी घ्या, फ्लिपचार्ट घेऊन पाऊण तास बोला, सातव्या दिवशी तेच तीस प्रश्न पुन्हा विचारा. गुण वाढतात. तोच पेपर दुसऱ्यांदा दिला तर शेजारच्या पोराचेही वाढतील, म्हणून तुलनेसाठी दुसरा गट घेण्याच्या फंदात पडू नका. टी-टेस्ट ही सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी लावा, पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येते आणि बायांना ज्ञान कमी होतं हे शास्त्रशुद्ध सिद्ध होतं. रात्री गाडी मिळाली नाही, भूल देणारे डॉक्टर नव्हते, रक्ताची पिशवी शहरातून यायची होती, याला प्रश्नावलीत रकाना नसतो. अज्ञान बाईच्या पदरात घालता येतं. भूलतज्ज्ञाची रिकामी खुर्ची कुणाच्या पदरात घालणार?

नमुना साठ ठेवा. साठच का, असं कुणी विचारलं तर मागच्या बॅचचाही साठच होता, हे उत्तर पुरतं. एखादा आगाऊ परीक्षक सूत्र काढेलच: प्रमाण ५० टक्के धरलं आणि ५ टक्क्यांपर्यंत चूक चालवून घेतली, तर ३८४ बाया लागतात. शिवाय पाडेच्या पाडे निवडणार असाल तर एका पाड्यातल्या बाया बऱ्याचशा एकमेकींसारख्या असतात, म्हणून तो आकडा आणखी दीडपट-दुप्पट करावा लागतो. अशा माणसाला चहा पाजा आणि 'सोयीस्कर नमुना निवड' हा शब्द पुढे करा. सोय कुणाची, हे विचारायची पद्धत नाही.

खरं कसब मात्र वगळण्याच्या निकषांत आहे. प्रबंधातलं हे पान सहसा कुणी वाचत नाही, आणि सगळं काम तिथेच उरकतं. लिहा: मराठी लिहिता-वाचता न येणाऱ्या महिला वगळल्या. संपली कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी, भिल्ल वस्तीवरची, मालेगावात यंत्रमागाच्या गल्लीतली उर्दूत शिकलेली. लिहा: स्वतःचा मोबाईल नसलेल्या वगळल्या. लिहा: पहिल्या तीन महिन्यांत नाव न नोंदवलेल्या वगळल्या. (उशिरा नोंदणी हाच तुमचा विषय असला तरी लिहा.) लिहा: सलग सहा महिने गावात न राहणाऱ्या वगळल्या. एवढं झाल्यावर जी उरते ती नाशिक शहरातल्या सिडकोत राहते, बारावी झालेली असते, तिच्या एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्डाला प्लास्टिकचं कव्हर असतं, आणि तिला तुमच्या अभ्यासाची काही गरज नसते. अशा साठ जणी घ्या.

चुकून एखादी आदिवासी बाई आलीच, तर जातीच्या रकान्यात 'अनुसूचित जमाती' एवढं लिहून मोकळे व्हा. इगतपुरीची कातकरी आणि कळवणची कोकणा एकाच खान्यात जातात. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, तिचा हिशेब वेगळा मांडायला हवा, वगैरे बोलणारे लोक असतात. ब्रिटनमध्ये दर माता-मृत्यूमागे वंश नोंदवतात, आणि त्यातून काय निघालं? तर कृष्णवर्णीय मातांचा मृत्यूदर गोऱ्या मातांच्या दुपटीहून जास्त. दरवर्षी अहवाल येतो, दरवर्षी सरकारला उत्तर द्यावं लागतं. खाना एकच ठेवला असता तर ही वेळ आली नसती.

गळतीचाही फायदाच होतो, फक्त बेरीज नीट करा. समजा हजार गरोदर बाया आहेत. त्यांतल्या आठशे सडकेलगतच्या, त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांच्या चारही तपासण्या झाल्यात. दोनशे पाड्यांवरच्या, तिथे ५५ टक्के. सगळ्या मोजल्या तर ८७ टक्के येतात आणि फरक सरासरीच्या पोटात गडप होतो. तेही नको असेल तर त्या दोनशे 'पाठपुरावा शक्य झाला नाही' म्हणून काढून टाका. थेट ९५. लोहाची एक गोळी न वाटता आठ टक्के सुधारणा.

आणि पाठपुरावा शक्य होऊ नये याची तजवीज वेळापत्रकातच करून ठेवा. माहिती नोव्हेंबर ते मार्चमध्ये गोळा करा. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकते, आणि दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), विरळणी, पुढे तोडणी. काम उक्तं, एकरावर. सातवा महिना लागलेली बाईसुद्धा मांडवाखाली दोन्ही हात वर करून दिवसभर कात्रीने घडातले मणी काढते. ती बसली तर टोळीचा हिशेब बिघडतो. मुक्काम बागेच्या कडेला, ताडपत्रीच्या खोपीत. तिचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत, पोट निफाड तालुक्यात. गावच्या उपकेंद्राला ती 'बाहेरगावी', इथल्या उपकेंद्राला ती 'आपल्या हद्दीतली नाही'. अशा वेळी तुम्ही सावळघाट ओलांडून पाड्यावर गेलात की म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतात. 'प्रतिसाद दर अल्प' असं लिहून घाट उतरा. संध्याकाळी सातनंतर खोपीवर गेलं तर ती सापडते, पण सातनंतरचा प्रवासभत्ता मंजूर नसतो.

पहिलटकरणीचं तर आणखी सोपं. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी जाते. तपासण्या सासरच्या कार्डावर, बाळंतपण माहेरच्या रजिस्टरात. दोन्ही जुळवत बसणं हे कारकुनी काम आहे, तुम्ही संशोधक आहात.

आता प्रश्नावली. परदेशात प्रमाणित झालेली घ्या आणि शब्दकोश घेऊन मराठीत आणा. 'प्रसूतीदरम्यान आपल्या स्वायत्ततेचा आदर राखला गेला, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?' पर्याय पाच, मधला 'तटस्थ'. आठ तास कळा सोसलेली बाई तटस्थ म्हणजे काय ते विचारत नाही. सिस्टर जिथे बोट ठेवतील तिथे मान हलवते. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून ताडून बघणं, दहा-पंधरा जणींना 'हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा' म्हणणं, कोकणा येणारी बाई सोबत नेणं, हे टाळा. त्यातून भलतंच निघतं. 'तुमच्यावर कुणी ओरडलं का? मारलं का? कळा देताना आई किंवा सासू जवळ होती का? टाके घालायच्या आधी बधिर केलं होतं का?' असं विचारलं की बाई उत्तर देते, आणि दिलेलं उत्तर मग लिहावं लागतं.

मुलाखत वॉर्डातच घ्या, गणवेशात, डिस्चार्जचा कागद तिच्या हातात पडायच्या आधी. समाधानाचं प्रमाण उत्तम येतं. तीच बाई सव्वा महिन्याने, स्वतःच्या ओट्यावर, ओळखीच्या बाईपाशी वेगळं बोलते. म्हणून त्या वेळी जायचं नसतं.

बायांशी बोलणंच नको असेल तर नोंदींवर भागवा. रजिस्टर उघडा आणि हिमोग्लोबिनचा रकाना वरून खाली बघा: १०, १०, १०, १०.५, १०, ९.५, १०. रक्तदाब ११०/७०, पुन्हा ११०/७०. अशी एकजूट दुसरीकडे कुठे नाही. खोदून काढलंत तर कळेल की डिजिटल यंत्राच्या पट्ट्या संपल्यात आणि हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या साहलीच्या नळीत रक्त-आम्ल मिसळून दहा मिनिटं थांबायला हवं, पण बाहेर चाळीस बाया रांगेत आहेत. लवकर वाचलं तर आकडा खरा येत नाही, तो कमी येतो. मग अनुभवाने १० लिहिलेला बरा, कारण ७ च्या खाली लिहिलं की बाईला वर पाठवावं लागतं आणि गाडी नसते. पार्टोग्राफ, म्हणजे गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते नोंदवायचा आलेख, हाही असाच देखणा: दर तासाला एक सेंटीमीटर, पट्टीने ओढल्यासारखी रेष. बाळंतपण झाल्यावर, चहा घेता घेता भरलेला असला म्हणजे रेष वाकत नाही. दोष सिस्टरांचा म्हणावा तर रात्रपाळीला एकटी बाई आणि दोन टेबलं भरलेली. एवढं सगळं कशाला? सरासरी १०.० आली म्हणून लिहा, दशांशामुळे भारदस्त वाटतं.

रक्तस्राव मात्र नजरेनेच अजमावा. फडक्यात मुरलेलं रक्त डोळ्याला बहुतेकदा कमीच दिसतं, त्यामुळे जास्त रक्तस्रावाची ५०० मिलीची रेषा कुणी सहसा ओलांडत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० दवाखान्यांत खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावून, रक्त मोजून लगेच सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालंय. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं होती त्यात. पण त्यांनी मोजलं म्हणून त्यांना सापडलं. तुम्हाला प्रबंध वेळेत द्यायचाय.

संमतीपत्र चार पानी असू द्या, बारीक टायपात. वाचता येत नसेल तर अंगठा घ्या. त्यासाठी वाचता येणारा, तुमच्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. वॉर्डबॉय सही करतो. बाईची रोजंदारी बुडते, तिला त्या वेळेचा मोबदला देता येतो, हेही त्याच तत्त्वांत आहे. ते वाक्य समितीला वाचून दाखवा, बजेटमध्ये घालू नका.

पूर्वसाहित्याच्या प्रकरणात मिडवाइफचं कौतुक भरभरून करा, तिथे हात आखडू नका. त्याच मिडवाइफने किंवा मिडवाइफच्या छोट्या गटाने पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरपर्यंत सांभाळलं तर काय होतं, याचा २०१६ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) आहे. १५ चाचण्या, १७,६७४ स्त्रिया, मुदतीपूर्वी बाळंतपण २४ टक्क्यांनी कमी. आकडे ठळक टाका. त्या पंधराही चाचण्या ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंडमधल्या होत्या, हे तळटीपेत गेलं तरी चालेल. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. नोंदणीकृत परिचारिकेला १८ महिने शिकवून मिडवाइफरीतली नर्स प्रॅक्टिशनर करायचं ठरलं, हेही लिहा. शिकून आलेल्या सिस्टरांची ड्यूटी मग लसीकरणाला, पुढच्या महिन्यात ओपीडीला आणि निवडणुकीच्या दिवसांत भलतीकडेच लागली तर 'सातत्य' कुठून आणायचं, हा प्रशासकीय प्रश्न झाला. त्यात संशोधकाने तोंड घालू नये. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलं होतं की चांगली सेवा जिथे सगळ्यात जास्त लागते, तिथे ती सगळ्यात कमी मिळते. हे अवतरण पहिल्या पानावर फार शोभतं. तुमच्या निकषांच्या पानापासून ते जरा लांब ठेवा.

ज्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक असतं त्यांना ऋणनिर्देशात जागा द्या. कुठल्या खोपीत कोण आठ महिन्यांची आहे, कुणाचं आधीचं बाळ गेलं, कुणाचा नवरा फोन उचलत नाही, कार्डावरचा नंबर प्रत्यक्षात कुणाचा आहे (बऱ्याचदा तो आशाताईंचाच असतो), हे त्यांना तोंडपाठ असतं. प्रश्न काय विचारावा हे त्यांना आधी विचारलं असतं तर कदाचित तीस प्रश्नांऐवजी चारच निघाले असते, पण प्रबंध जाड दिसला नसता. 'आशा व एएनएम यांच्या सहकार्याबद्दल आभारी' एवढं पुरे. पाड्यावरची म्हातारी सुईण 'अप्रशिक्षित व्यक्ती' या रकान्यात जाते. तिच्याकडे बाई का जाते, हे तिला विचारणं नमुन्याच्या बाहेरचं आहे.

निष्कर्ष इंग्रजीत छापा आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नाही असं मासिक बघा. पाड्यावर जाऊन 'तुमच्याबद्दल आम्हाला हे कळलं, बरोबर आहे का?' असं विचारायला जाऊ नका. एखादी 'नाही' म्हणाली तर कुठल्या रकान्यात घालाल? सादरीकरणासाठी मार्चमधली तारीख धरा आणि महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलचा एसी हॉल. पहिल्या रांगेतल्या टेबलांवर द्राक्षाची एकेक थाळी ठेवायला सांगा. पाहुण्यांना दाखवा, मणी कसे एकसारखे आहेत, घड कसा मोकळा आहे, बोट घातलं तरी मणी दबत नाही. यंदा विरळणी फार चांगली झालीय.