'आळशी पद्धत' या शब्दांविषयी

महोदय,

संख्यांचा चढता क्रम लावण्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : "सगळे दशांशात बदलणे ही आळशी पद्धत आहे, छेद समान करणे हीच अचूक. ऋण संख्यांचा क्रम चुकला आहे, संख्यारेषेचा उल्लेखही नाही. लेखकाने आधी शिकावे, मग शिकवावे."

ऋण संख्यांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. −५/८ म्हणजे −०.६२५, ती −०.६ च्या आधी यायला हवी होती; लेखात दुरुस्ती केली आहे. पण एवढे सांगण्यासाठी आपल्या शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. नागपुरात महाल भागात गेली बावीस वर्षे मी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवतो आहे आणि असे शब्द मला एकाही पालकाने ऐकवलेले नाहीत.

आता 'आळशी' या शब्दाकडे येतो. ३.१४, २२/७, १० चे वर्गमूळ आणि पाय (π) यांचा क्रम आपण छेद समान करून लावून दाखवावा. पहिल्या दोघांचे जमेल : २१९८/७०० आणि २२००/७००. वर्गमूळासाठी वर्ग करावा लागेल. २२/७ चा वर्ग ४८४/४९ हा १० पेक्षा लहान, म्हणून २२/७ आधी. पण पाय ही अपरिमेय संख्या आहे, हे गणितज्ञ लँबर्ट यांनी अठराव्या शतकातच सिद्ध केले. जिला पूर्णांकी अंश-छेदच नाहीत, तिचा छेद आपण कशाशी समान करणार? दशांशात मात्र ३.१४, ३.१४१५…, ३.१४२८…, ३.१६२२… अशा चारही संख्या एकाखाली एक मांडता येतात आणि पाय हा २२/७ पेक्षा लहान आहे, हेही मुलांना प्रथमच दिसते.

यात आळस नाही, कारण अंक वेगळा पडेपर्यंत भागाकार थांबवता येत नाही. २/३ ला ०.६७ म्हणून मोकळे झालात, तर तो ०.६६७ पेक्षा मोठा ठरतो, आणि तो मोठा नाही.

संख्यारेषेचा विषय निराळा आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

मागे एका मुलीने ०.३७५ ला ०.४ पेक्षा मोठे ठरवले होते, कारण ३७५ हे ४ पेक्षा मोठे. तिच्या वडिलांचे इतवारीत किराणा दुकान आहे. दीड पाव साखर तोलली की काट्यावर ०.३७५ येते, हे तिला ठाऊक होते. मी तिला ०.४ पुढे दोन शून्ये लिहायला सांगितली. ०.४०० लिहून झाल्यावर ती क्षणभर थांबली, म्हणाली, "सर, हे तर चारशे ग्रॅम झाले," आणि तिने आधीचे उत्तर स्वतःच खोडले.