‘ऑटिस्टिक माणूस वर्दीत नको’: फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. सारांश असा: सैन्य, पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका ही ऑटिस्टिक (स्वमग्नता असलेल्या) माणसांची जागा नव्हे. जगातलं कुठलंही सैन्य त्यांना घेत नाही, आदेश ते शब्दशः घेतात, गोंगाटात गोठतात, आणि दुसऱ्याचं दुःख त्यांना कळत नाही. शेवटी सवाल: ‘तुमचा जीव यांच्या हाती द्याल का?’

कुठलंही सैन्य घेत नाही, हे तर सरळच चूक. इस्रायलमध्ये ऑटिस्टिक तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट असते. तरीही २०१३ पासून तिथे ‘रोईम राखोक’ (अर्थ साधारण ‘दूरवर पाहणारे’) हा कार्यक्रम चालू आहे. त्यातून ऑटिस्टिक तरुण प्रशिक्षण घेऊन स्वेच्छेने भरती होतात. सुरुवात झाली ती लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या ९९०० या युनिटमधून. उपग्रहांनी आणि विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांत काल नव्हतं असं आज काय दिसतंय, हे तासन्‌तास शोधायचं, असं ते काम. अमेरिकेत नियम कडक आहेत. भरतीच्या वैद्यकीय निकषांत ऑटिझम अपात्रतेच्या यादीत येतो, पण त्यातून सवलत मागता येते. ब्रिटनमध्ये अपंगांना नोकरीत भेदभावापासून मिळणारं कायद्याचं संरक्षण सैन्याला लागू नाही. पोलिस आणि अग्निशमन दलाला मात्र ते २००४ पासून लागू आहे, आणि तिथे पोलिसांची स्वतंत्र ऑटिझम संघटनाच २०१५ पासून काम करते. थोडक्यात, चित्र देशागणिक आणि दलागणिक वेगळं आहे.

शब्दशः अर्थ घेण्याचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. कारण या सेवांची सगळी बोली कशासाठी घडवली आहे? कुणाला ओळींमधलं वाचावं लागू नये म्हणून! वायरलेसवर ऐकलेला संदेश परत म्हणून दाखवायचा, अक्षरं ठरावीक शब्दांनी सांगायची, यादीतल्या बाबी एकेक करून तपासायच्या. मोघम आदेशाने काय होतं ते २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाच्या लढाईत, रशियाविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सैन्यात दिसलं. ‘शत्रूला तोफा नेऊ देऊ नका’ अशा अर्थाची चिठ्ठी आली, पण कुठल्या तोफा ते तिच्यात स्पष्ट नव्हतं. वरच्या सेनापतीला ज्या तोफा दिसत होत्या त्या खाली दरीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला दिसतच नव्हत्या. ‘कुठल्या तोफा?’ असं त्याने विचारलंही, पण चिठ्ठी आणणाऱ्याने मोघम हात केला. साडेसहाशेहून अधिक घोडेस्वार भलत्याच तोफांवर चालून गेले. तिथे ‘नेमक्या कुठल्या?’ असा हट्टच धरून बसणारा एखादा हवा होता.

हो, ऐनवेळी बेत बदलला की अनेक ऑटिस्टिक माणसांना त्रास होतो, हे खरं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावरून सगळ्यांनाच बाद ठरवण्यातही नाही.

गोंगाटाचं तसंच. काहींना सायरन अक्षरशः दुखतो, त्यांना बंबावर बसवू नये. पण काहींना तोच आवाज अपेक्षित असेल तर चालतो, अचानक आला तरच त्रास होतो. आणि आपत्कालीन सेवा म्हणजे फक्त बंब नव्हे. नियंत्रण कक्ष, नकाशे, साठा, पुराव्यांची तपासणी ही कामं कोण करतं? ऑटिस्टिक लोकांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि झटके येत असतील तर गाडी चालवण्यावर बंदी रास्तच आहे. मात्र ती अपस्मारामुळे. अपस्मार नसलेल्या ऑटिस्टिक माणसाला ती का लावायची?

राहिला दुःख न कळण्याचा आरोप. या समजाला बळ देणारा एक प्रसिद्ध प्रयोग १९८५ चा. बाहुलीचं खेळणं तिच्या नकळत हलवलं, तर ती ते कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांचं उत्तर चुकलं. पण हा प्रयोग दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखण्याचा होता, कळवळ्याचा नव्हता. तो मुलांवर होता, तरण्याताठ्या जवानांवर नव्हता. समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखता न येणं आणि त्याचं काही न वाटणं या दोन गोष्टी आहेत. पुढे २०२० मध्ये एक प्रयोग झाला. त्यात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जायचं होतं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली तिथे ती जास्त गळाली. म्हणजे अडचण दोन्ही बाजूंची असू शकते. शिवाय रस्त्यावर पडलेल्या जखमीला आधी हवं असतं ते ‘मी आता तुमचा पाय हलवणार आहे, दुखेल’ असं सरळ सांगणारं कुणीतरी.

या मजकुराला उत्तर देताना काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: ऑटिझम म्हणजे जणू दैवी शक्ती, प्रत्येकाची नजर घारीची. तेही नको. छायाचित्रं वाचण्यात पटाईत असलेले सगळे ऑटिस्टिक नसतात, आणि कित्येक ऑटिस्टिक माणसांना ते काम अजिबात जमणार नाही. उमेदवार त्या विशिष्ट जागेवरचं काम करू शकतो का, एवढंच तपासायचं असतं. इतरांचं तसंच तपासतात.

सरसकट बंदीने ऑटिस्टिक माणसं वर्दीबाहेर राहतात असंही नाही. ती गप्प राहतात. ऑटिझमचं निदान लपवतात, किंवा ते मुद्दाम करूनच घेत नाहीत, आणि मग साधे कानातले बोळेही मागत नाहीत. अनेकांना तर चाळिशीत, स्वतःच्या मुलाची तपासणी करताना पहिल्यांदा कळतं की आपणही ऑटिस्टिक आहोत. तोवर त्यांच्या नोकरीची पंधरा-वीस वर्षं उलटलेली असतात. तेव्हा जीव यांच्या हाती द्याल का, या सवालाला माझं उत्तर असं, की तो कदाचित आधीच देऊन झाला आहे.