ग्रामसुरक्षा दलाला पोलिसांचे अधिकार मिळालेले नाहीत

‘ग्रामसुरक्षा दलातल्या तरुणांना आता पोलिसांचे अधिकार, रात्री कोणतीही गाडी अडवा, झडती घ्या, संशयिताला डांबून ठेवा,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही.

दलातले तरुण स्वयंसेवक असतात. रात्रीची गस्त घालायची, गावाला सावध करायचं, काही वावगं दिसलं तर पोलीस पाटील, पोलीस ठाणे किंवा 112 क्रमांकावर कळवायचं, हे त्यांचं काम. पोलीस पाटलांचं पद वेगळं. त्यांची नेमणूक 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली होते. दलाचं ओळखपत्र किंवा शिट्टी मिळाली म्हणून कुणाला झडतीचा अधिकार मिळत नाही.

मग चोर समोर सापडला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा करणाऱ्याला कोणताही नागरिक पकडू शकतो. दलात असो वा नसो. मात्र त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. नुसता संशय पुरत नाही. मारहाण केली तर गुन्हा मारणाऱ्यावर दाखल होतो.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते भटक्या समाजातले निरपराध लोक होते. म्हणून हा मजकूर पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांना हा खुलासा नक्की दाखवा.